गोगलगाय सफाई करत नाही

गेल्या पावसाळ्यात ओपीडीत एक शिंपी आले होते. वय पंचेचाळीसच्या आसपास. उजव्या हाताच्या तर्जनीवर जांभळट गाठ, वर खपली. मनगटाच्या वर आणखी दोन गाठी, कोपराच्या दिशेने एका ओळीत. ताप नाही, दुखणंही फारसं नाही. "सुई टोचली असेल साहेब, आमचं रोजचंच आहे," म्हणाले. तोवर दोन ठिकाणी दाखवून झालं होतं आणि अँटिबायोटिकचे दोन कोर्स पोटात गेले होते.

अशी गाठींची रांग दिसली की दोन-चार आजार डोक्यात येतात. त्यातला एक आठवला म्हणून मी विचारलं, "मासे पाळता का?" ते म्हणाले, "नाही." मी पुढे गेलो. बायोप्सीचा रिपोर्ट आला त्यात क्षयासारखी सूज होती, जंतू दिसले नव्हते. आपल्याकडे असा रिपोर्ट आला की हात आपोआप क्षयाच्या औषधांकडे जातो. माझाही गेला होता. औषधं लिहायची तेवढी राहिली होती, कारण त्या दिवशी मास्टर उशिरा आले आणि उशिराचं कारण सांगताना म्हणाले, "टाकीचं पाणी बदलत बसलो होतो."

"कसली टाकी?"

"शोभेची. दुकानात काउंटरवर ठेवलीय. पण मासे नाहीत साहेब, तुम्ही विचारलं होतंत ना? नुसत्या गोगलगाई आहेत आणि श्रिंप."

प्रश्न मी विचारला होता, पण चुकीचा विचारला होता. मास्टरांनी अगदी खरं उत्तर दिलं होतं.

या जंतूचं नाव मायकोबॅक्टेरियम मरिनम. क्षयाच्या जंतूचा हा पाण्यातला भाऊबंद. १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांत तो पहिल्यांदा सापडला. पाण्यातल्या दगडांवर, काचेवर जो बुळबुळीत थर असतो त्यात तो राहतो. टाकीत मासा असायलाच हवा असं काही नाही. हाताला छोटी जखम असताना पाण्यात हात घातला की तो शिरतो आणि दोन-चार आठवड्यांनी गाठ दिसू लागते. त्याला तीस अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं, शरीराच्या आतली ऊब सोसत नाही. म्हणून तो बहुतेक वेळा हातापायांच्या थंड कातडीतच राहतो. एकाचं दुसऱ्याला होत नाही. पण प्रयोगशाळेला आधी सांगितलं नाही तर ते नमुना सदतीस अंशांवर ठेवतात, तिथे हा नीट वाढत नाही आणि रिपोर्ट 'काही नाही' असा येतो. क्षयाच्या नेहमीच्या चार औषधांतली दोन या जंतूवर चालतच नाहीत. आम्ही पुन्हा नमुना घेतला, कमी तापमानावर ठेवायला सांगितला आणि जंतू उगवला. दोन औषधांवर चार महिन्यांत हात बरा झाला. माझ्या आधीच्या प्रश्नावर गेलो असतो तर हा माणूस क्षयरोगी म्हणून नोंदला गेला असता, घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या असत्या आणि गल्लीत चर्चा झाली असती ती वेगळीच.

आता या टाक्यांविषयी. गेल्या काही वर्षांत त्या फार दिसतात. घरं लहान, मोठा अ‍ॅक्वेरियम परवडत नाही, जागाही नाही. मग दहा-पंधरा लिटरची काचपेटी किंवा नुसती बरणी, थोडी वाळू, शेवाळ, चार गोगलगाई आणि नखाएवढे लाल चेरी श्रिंप. मुलांनाही आवडतं. मला स्वतःला आवडलं, ते पुढे सांगतो. माझी तक्रार आहे ती विकताना बोलल्या जाणाऱ्या एका वाक्याविषयी. "काही करावं लागत नाही, हेच सगळी सफाई करतात." हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या दुकानांत ऐकलंय.

गोगलगाय सफाई करत नाही. ती खाते. तिच्या जिभेवर कानशीसारखे दातांचे पट्टे असतात, त्यांनी ती काचेवरचं शेवाळ खरवडते. काच स्वच्छ दिसते हे खरं, पण खाल्लेलं मागून बाहेर पडतं आणि कुजतं. श्रिंपचंही तेच. घाण दिसेनाशी झाली म्हणजे गेली असं आपण समजतो. (सरकारी रुग्णालयात तीस वर्षं काढलेल्या माणसाला हा समज फार ओळखीचा आहे. वॉर्डातून उचललेला कचरा जिन्याखाली सापडतो.)

या कुजण्यातून अमोनिया तयार होतो. आपल्या शरीरातही प्रथिनं मोडली की अमोनिया होतो. आपलं यकृत त्याचा युरिया करतं, मूत्रपिंड तो बाहेर टाकतं. यकृत निकामी झालेल्या रुग्णाचा अमोनिया वाढतो तेव्हा तो बरळू लागतो, हात थरथरतात, शेवटी बेशुद्ध होतो. वॉर्डात हे आम्ही नेहमी पाहतो. गोगलगाय आणि श्रिंप यांना इतका खटाटोप लागत नाही, ते अमोनिया बराचसा सरळ पाण्यातच सोडतात. नदीत वाहून जातो. बरणीत कुठे जाणार? म्हणजे बरणीला स्वतःचं यकृत लागतं, आणि ते असतं जिवाणूंचं. वाळूवर, दगडांवर, फिल्टरच्या स्पंजवर बसलेले काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच सोसवतं, थोडं वनस्पती शोषतात, उरलेलं आपण पाणी बदलून काढायचं. हे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. आज बरणी आणली, आज पाणी भरलं, आज संध्याकाळी श्रिंप सोडले, तर ते यकृत नसलेल्या शरीरात सोडले असं समजा. आठवड्याभरात मरतात. दुकानदार म्हणतो, "हवामान बदललं," आणि नवे विकतो.

मास्टरांच्या हातावरचा तो बुळबुळीत थर आणि टाकीचं यकृत असलेला थर, दोन्ही एकच. त्यामुळे डेटॉल घालून टाकी 'निर्जंतुक' करायचा सल्ला मी कुणाला देत नाही, त्याने आतलं सगळंच मरेल. हाताला जखम असेल तर हात घालू नका, नाहीतर लांब हातमोजा घाला, एवढंच. पाणी काढायची नळी तोंडाने ओढून सुरू करू नका. सुशिक्षित माणसंही हे करतात, आणि ते तोंडात आलेलं पाणी म्हणजे शेवटी विष्ठेचंच पाणी आहे. काम झालं की साबणाने हात धुवा, मुलांचे आधी. ज्यांचं मूत्रपिंड बदललंय, जे केमोथेरपी घेतायत किंवा संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेतायत, त्यांनी टाकी खुशाल बघावी, साफ दुसऱ्याने करावी. अशा रुग्णांत हा जंतू कातडीखाली हाडासांध्यांपर्यंत उतरू शकतो.

आणि एक. टाकीत काही बिघडलं की घरात उरलेली डॉक्सीसायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकायची पद्धत आहे. मास्टरांनीही टाकली होती. त्याने टाकीतले उपयोगाचे जिवाणू मरू शकतात, आणि जे तगून राहतात ते त्या औषधाला सरावतात. माणसांच्या वॉर्डात आम्ही एकेका अँटिबायोटिकसाठी झगडतोय आणि ही औषधं बरणीत विरघळवली जातायत.

हात बरा होत आला तेव्हा मास्टरांनी मला प्लास्टिकच्या पिशवीत दहा श्रिंप आणून दिले. नाही म्हणवेना. घरी मी काचपेटी सहा आठवडे आधीच मुरवत ठेवली होती, म्हणजे सगळं शास्त्राप्रमाणे केलं होतं. तीन महिने उत्तम गेले. मादीच्या पोटाखाली अंड्यांचा घोस दिसायचा, ती पायांनी त्यांना सतत हलवत, वारा घालत राहायची. साधारण महिन्याभरात पिल्लं निघाली. चेरी श्रिंपची पिल्लं अळीच्या अवस्थेतून जात नाहीत, अंड्यातूनच आईची छोटी प्रत बाहेर पडते. मुंगीहून लहान, पण मिशांसकट. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं म्हणून मी पाणी एक दिवस उघडं ठेवून मग घालायचो. एकदा दोन दिवस ड्यूटीवर अडकलो. आईने पाणी कमी झालेलं पाहिलं आणि मायेने, देवघराजवळच्या तांब्याच्या हंड्यातलं रात्रभर ठेवलेलं पाणी घातलं. माणसाला चांगलं ते त्यांनाही चांगलं, असा तिचा हिशेब. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे श्रिंप उताणे.

हे मला, डॉक्टरला, आधी सुचायला हवं होतं. आपलं रक्त लोहामुळे लाल असतं. श्रिंपच्या आणि बहुतेक गोगलगाईंच्या रक्तात प्राणवायू वाहण्याचं काम तांबं करतं, म्हणून त्यांचं रक्त निळसर. (चपट्या चकलीसारख्या रॅम्सहॉर्न गोगलगाईचा अपवाद, तिच्याकडे आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं.) ज्यांच्या रक्तातच तांबं आहे त्यांना तांब्याचं पाणी का मारतं? रक्तातलं तांबं प्रथिनात घट्ट बांधलेलं असतं. पाण्यात मोकळं सुटलेलं तांबं कल्ल्यांवर जाऊन बसतं आणि शरीरातल्या क्षारांचा तोल मोडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने माणसाच्या पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत तांबं चालतं. श्रिंपला त्याचा दहावा भागही जड जातो. माशांच्या आजारांवरच्या कित्येक औषधांत तांबं असतं, तीही इथे चालत नाहीत. डास पळवणारं लिक्विड, अगरबत्ती, फवारे यांतली पायरेथ्रॉइड वर्गातली औषधं कीटकांसाठी बनवलेली, आणि श्रिंप हे कीटकांचे नातेवाईकच. बंद खोलीत टाकीशेजारी मशीन लावू नका.

डासांचा विषय निघालाच आहे, आणि आरोग्याच्या दृष्टीने मला हाच सगळ्यांत मोठा वाटतो. माशांच्या टाकीत डासांची अळी टिकत नाही, मासे खाऊन टाकतात. गोगलगाई आणि श्रिंपच्या टाकीत ती खाणारं म्हणावं असं कुणी नाही. त्यात पाणी संथ हवं म्हणून पंप नसतो, बरणी बाल्कनीत उजेडात ठेवलेली असते, पाणी स्वच्छ असतं. डेंग्यूच्या एडिस डासाला याहून चांगली जागा कोणती मिळणार? अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत आठवडा-दहा दिवस पुरतात. आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतं. ते हंडे-पिंपांना ठीक आहे, ही बरणी कोरडी कशी करणार? सर्वेक्षणाला आलेली कर्मचारी मुलगी बिचारी काय करणार? एकतर पाणी ओतून द्या म्हणणार, नाहीतर अ‍ॅबेट म्हणजे टेमेफॉसचे थेंब टाकणार. त्याने अळ्या मरतात आणि श्रिंपही. किंवा गप्पी मासे देणार, ते अळ्यांबरोबर श्रिंपची पिल्लं खातात.

यावर उपाय अगदी साधा आहे. तोंडावर मच्छरदाणीचं बारीक कापड घट्ट रबराने बांधा, किंवा काचेचं फट न राहणारं झाकण ठेवा. स्पंजचा छोटा फिल्टर लावला तर पाण्याचा पृष्ठभाग हलता राहतो, अळीला वर येऊन श्वास घ्यायला स्वस्थ जागा मिळत नाही, आणि जिवाणूंना घर मिळतं. दर दोन दिवसांनी पाण्यावर नजर टाका, वळवळणारी अळी ओळखायला डॉक्टर लागत नाही. बाल्कनीतल्या कमळाच्या टबात गोगलगाई सोडून 'आता पाणी साफ राहील' म्हणणाऱ्यांना मात्र माझा सरळ विरोध आहे. अशा टबात दोन मासे असू द्या आणि श्रिंपचा नाद सोडा.

गोगलगाई आणि रोग म्हटलं की वाचक घाबरतात, कारण इंटरनेटवर वाचलेलं असतं. खरं काय ते सांगतो. जगात कोट्यवधी लोकांना होणारा शिस्टोसोमायसिस हा आजार गोड्या पाण्यातल्या काही गोगलगाईंमधून पसरतो. आपल्याकडे तो नाही असंच आम्ही शिकलो, पण १९५२ साली गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणाऱ्या रुग्णांमध्ये तो नोंदवला, आणि तिथली संशयित गोगलगाय काही मिलिमीटरची, पानाला चिकटून राहणारी होती. आमच्या पिढीला परजीवीशास्त्रात हे एका ओळीत आटपलं जायचं. भाताच्या खाचरात, तळ्यात राहणारी आपली चपटी गोगलगाय गुरांच्या याच जातीच्या कृमींना थारा देते, आणि त्या अळ्या माणसाच्या कातडीत शिरायचा प्रयत्न करून तिथेच मरतात. पाय खाजतात, पुरळ येतं. शेतात राबणाऱ्यांना हे ठाऊक आहे, नाव ठाऊक नसेल.

पण या कृमींचं चक्र पुरं व्हायला माणसाची किंवा गुरांची विष्ठा वा लघवी पाण्यात यावी लागते. काचपेटीत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या गोगलगाईत हे चक्र चालूच शकत नाही. तेव्हा दुकानातली, टाकीतच पैदास झालेली गोगलगाय ठेवायला हरकत नाही. ओढ्यातून, खाचरातून, गुरं डुंबतात त्या तळ्यातून मुलांना गोगलगाई उघड्या हातांनी वेचून आणू देऊ नका. प्रयोगशील शिक्षकांनाही माझी हीच विनंती.

उलट दिशेचा प्रवास मला जास्त सतावतो. टाकीतून नाल्यात. गोगलगाई वाढतात, फार वाढतात. जास्त खाणं टाकलं की त्यांची संख्या भराभर वाढते, मग माणूस कंटाळतो आणि सगळं तळ्यात नेऊन सोडतो. मनात भाव पुण्याचा असतो, जीव मारला नाही, मोकळा केला. मूळची उत्तर अमेरिकेतली फायसा ही टोकदार शंखाची गोगलगाय पाणवनस्पतींना चिकटून जगभर पसरली, आज आपल्या सांडपाण्याच्या नाल्यांतही ती दिसते. जर्मनीतल्या हौशी लोकांच्या टाक्यांत १९९०च्या दशकात एक ठिपकेदार क्रेफिश दिसू लागला. सगळ्या माद्या, नराशिवाय अंडी घालणाऱ्या. म्हणजे एकच सुटली तरी पुरे. तो युरोपातल्या तळ्यांत गेला, मादागास्करच्या भातखाचरांत पोचला, युरोपीय संघाने २०१६ साली त्याला बंदीच्या यादीत टाकलं. हा प्राणी कुणी तुम्हाला 'रेअर पीस' म्हणून देऊ केला तर घेऊ नका. आणि आपल्या पाण्यात कोणती परकी गोगलगाय उद्या कोणत्या कृमीला घर देईल हे आधी कळायचा मार्ग नसतो. गिमवीतलं केंद्र सापडलं तेही रुग्ण आल्यावरच.

जास्त झालेले जीव मित्राला द्या किंवा दुकानात परत करा. तेही जमलं नाही तर गोगलगाई पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग कचऱ्यात टाका. ऐकायला क्रूर वाटतं, मलाही करताना वाटलं. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, झाडांना नायट्रेट हवंच असतं. वनस्पती कडक उन्हात वाळवून टाका. त्याआधी खाणं कमी करा, दोन दिवसांतून चिमूटभर, म्हणजे ही वेळच सहसा येत नाही.

दुकानदारांनी विकताना एवढ्या गोष्टी कागदाच्या चिठोऱ्यावर छापून दिल्या तरी निम्मं काम होईल. आम्ही इंजेक्शनबरोबर सूचना देतो, ते पिशवीबरोबर का देऊ नयेत? आणि माझ्या तरुण सहकाऱ्यांना सांगणं एवढंच, की हातावर गाठींची रांग घेऊन कुणी आलं तर "मासे पाळता का" असं विचारू नका. "पाण्यात काही पाळता का" असं विचारा.

दिवाळीनंतर मास्टर शेवटच्या तपासणीला आले. बोटावर फिकट व्रण राहिलाय, सुई नीट धरता येते. मी श्रिंप मेल्याचं सांगितलं, कसे मेले तेही सांगितलं. ते हसले नाहीत. पुढच्या आठवड्यात दुकानातला पोरगा ओपीडीबाहेर पिशवी घेऊन उभा, आत आठ श्रिंप. पिशवीला रबराने चिठ्ठी गुंडाळलेली होती. मापं लिहायच्या पावतीच्या मागे मास्टरांनी लिहिलं होतं, "साहेब, आईंना सांगा, हंड्याचं पाणी नको."